काम सुटल्याची तारीख

अर्जात बारावा रकाना होता, ‘काम सुटल्याची तारीख’. त्याखाली तेरावा, ‘मालकाचे नाव व पत्ता’. चौदाव्यात लिहिलं होतं, ‘मालकाचे पत्र सोबत जोडावे’. घरातल्या कमावत्या माणसाचं काम गेलं असेल तर धाकट्या भावाच्या कॉलेजात फी हप्त्याने भरायची सवलत मिळते, तिचा हा अर्ज. पहिले अकरा रकाने मी दहा मिनिटांत भरले. बाराव्यापाशी चार दिवस अडले.

पहिल्याच संध्याकाळी मी आण्णांना विचारलं होतं, “तुमचं काम नेमकं कधी सुटलं?”

ते म्हणाले, “सुटलंय कुठं? बीम आलं नाही अजून.”

आमचं घर इचलकरंजीचं. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला आणि पुढच्या चार पिढ्या त्याच्या खडखडाटावर जेवल्या. आण्णा खर्चीवाले यंत्रमागधारक. गावाबाहेर हा शब्द फारसा कुणाला माहीत नाही, म्हणून सांगते. ताण्याच्या उभ्या धाग्यांचं बीम, म्हणजे मोठं रीळ, व्यापाऱ्याचं, बाण्याचं सूत व्यापाऱ्याचं आणि विणून तयार झालेलं कापडही त्याचंच. माग, शेड, वीज, तेलपाणी आणि मजुरी आमची. एका इंचात आडवे धागे किती पडले ते पीक, आणि पिकावर मजुरी ठरते. शेवटी शेवटी आम्हाला पिकाला सहा पैसे मिळत होते. म्हणजे 52 पिकाच्या कापडाला मीटरमागे 3 रुपये 12 पैसे. त्यातून वीजबिल, सुटे भाग, कामगाराची मजुरी आणि उरलं तर घर.

आमचे आठ माग होते. आण्णा स्वतः चालवायचे, जोडीला एक कामगार, आणि आई कांड्या भरायची. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच शेड, तिला आम्ही कारखाना म्हणतो. हे काम एका दिवशी गेलं नाही. आधी दोन मागांवरची बीमं संपली आणि नवी आली नाहीत. व्यापारी म्हणाला, मागणी नाही, पंधरा दिवसांनी बघू. मग सहाचे चार झाले. दिवाळीआधी महिनाभर आठही माग पुन्हा चालले आणि आम्हाला वाटलं, गाडी रुळावर आली. दिवाळीनंतर दोन राहिले. कामगाराला आण्णांनी दुसरीकडे लावून दिलं. मग एक माग राहिला. शेवटचं बीम संपलं त्या दिवशी आण्णांनी माग पुसला, तेल दिलं, आणि वरचा दिवा मालवला. तो वार कोणता होता, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. कारण त्या दिवशी काम सुटलं असं कुणालाच वाटलं नव्हतं.

बाराव्या रकान्याचा माझा राग इथून सुरू होतो. तारीख नसेल तर अर्ज अपूर्ण. अपूर्ण अर्ज संगणक पुढे सरकू देत नाही. मी अंदाजाने एक तारीख टाकली आणि चार दिवस मला खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं.

तेराव्या रकान्यात मालकाचं नाव हवं होतं. कागदोपत्री आण्णाच मालक. वीजमीटर त्यांच्या नावावर, शेड त्यांच्या नावावर. व्यापाऱ्याचं नाव घालावं तर तो म्हणाला, “मी तुमचा मालक कसा? मी तर तुमचं गिऱ्हाईक.” त्याचंही चुकलं नाही. त्याने कुणाला कामावर ठेवलं नव्हतं, त्यामुळे काढलंही नव्हतं. फक्त बीम पाठवणं थांबवलं होतं. कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “ताई, वडील मालक आहेत ना? मग त्यांचं काम कोण काढणार?” त्या वाईट बोलल्या नाहीत. त्यांच्या समोरच्या कागदात जे होतं तेच त्यांनी विचारलं. पण तो प्रश्न मी घरी नेला आणि आण्णांना सांगितला नाही.

मग मला वाटलं, कॉलेजचं जाऊ दे, बेकारी भत्ता तरी कुठे मिळतो का बघू. पुढचे दोन महिने मी जे जे पाहिलं ते इथे क्रमाने मांडते. यातली एकेक गोष्ट छोटी आहे. एकेकटी सांगितली तर लोक म्हणतील, एवढं काय त्यात? म्हणूनच सगळ्या एकत्र सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट उत्पन्नाच्या दाखल्याची. कुठलाही अर्ज करा, तो लागतोच. दाखल्यावर उत्पन्न मागच्या आर्थिक वर्षाचं. मागच्या वर्षी आमचे माग चालत होते, म्हणून दाखल्यावर आकडा बरा दिसतो. या वर्षीची अडचण पुढच्या वर्षीच्या दाखल्यात उतरणार. नोकरदाराचा पगार थांबला तर पगाराची पावती थांबते. आमच्याकडे पुरावा म्हणून आहे ती व्यापाऱ्याच्या मजुरी बिलांची फाईल, आणि काम थांबल्यावर त्या फाईलमध्ये नवं काहीच येत नाही. बिल आलं नाही याचं बिल कुणी देत नाही.

दुसरी मुद्रांकाची. प्रतिज्ञापत्र करून आणा, असं एका खिडकीवर सांगितलं. ऑक्टोबर 2024 पासून शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा लागू लागला. सरकारी दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना तो माफ असल्याचं महसूल मंत्र्यांनी मार्च 2025 मध्ये जाहीर केलं होतं, ते मी वाचलं होतं, म्हणून सांगितलं. उत्तर आलं, “आमच्याकडं तसं काही आलेलं नाही.” ज्या घरात त्या आठवड्यात पाचशे रुपये किराण्याला बाजूला काढून ठेवलेले असतात, त्या घराला बेकार असल्याचं शपथेवर लिहायला पाचशे मोजावे लागले.

तिसरी बोटांची. आधार पडताळणीच्या छोट्या यंत्रावर आण्णांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून पुन्हा ठेवला. लाल दिवा. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग दुसरा हात. माग चालवताना ताण्याचा धागा तुटतो तेव्हा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दोन टोकं धरून एका हिसक्यात गाठ मारायची असते. तीस-पस्तीस वर्षं दिवसभर तेच केलेल्या माणसाच्या या दोन बोटांची टोकं गुळगुळीत होतात. मी त्या दिवशी ती पहिल्यांदा निरखून पाहिली. अंगठ्यावर रेघा जवळपास नव्हत्या. केंद्रातल्या मुलाने ओल्या फडक्याने बोटं पुसायला सांगितली, मग थोडं तेल लावायला सांगितलं, मग म्हणाला, “काका, उद्या या.” ज्या कामाने बोटांच्या रेघा पुसल्या ते काम गेलं आहे हे सिद्ध करायला त्या रेघाच मागितल्या जातात, हे मला अजून सहन होत नाही.

चौथी वयाची. आण्णा 54 वर्षांचे. 18 ते 35 वयाच्या बेरोजगारांसाठी राज्याची कार्य प्रशिक्षण योजना आहे, तिथे ते बसत नाहीत. असंघटित कामगारांच्या पेन्शनसाठी केंद्राची श्रमयोगी मानधन योजना 2019 मध्ये आली. महिन्याला थोडे पैसे भरायचे आणि साठीनंतर 3,000 रुपये पेन्शन घ्यायची. तिला वयाची अट 18 ते 40, आणि आण्णा तेव्हाच 48 चे होते. ज्येष्ठांच्या वयोश्री योजनेला 65 लागतात. चाळिशी ओलांडलेला आणि पासष्टीला न पोचलेला कमावता माणूस यातल्या कुठल्याच यादीत सापडत नाही. मुलांची शिक्षणं, मुलींची लग्नं, आईवडिलांची आजारपणं त्याच वयात त्याच्या डोक्यावर असतात.

पाचवी यादीची. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात 18 व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, शिंपी आहे, टोपल्या-चटया विणणारा आहे, मासेमारीचं जाळं विणणाराही आहे. कापड विणणारा नाही. आण्णांनी ती यादी मोबाइलवर वरून खाली दोनदा पाहिली. मग चष्मा काढून ठेवला.

सहावी विजेची. माग बंद असला तरी वीजबिल येतं, कारण त्यात स्थिर आकार असतो. भार कमी करून घ्या, असं एकाने सुचवलं. पण उद्या बीम आलं तर तो वाढवायला पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे, पुन्हा वाट. मार्च 2024 मध्ये सरकारने 27 अश्वशक्तीपेक्षा कमी भाराच्या यंत्रमागधारकांना युनिटमागे एक रुपया जादा सवलत जाहीर केली. ती मागणी आमच्या गावाने वर्षानुवर्षं लावून धरली होती आणि मला तिची किंमत आहे. पण सवलत युनिटवर आहे. माग चालला तर युनिट पडणार, युनिट पडलं तर रुपया वाचणार. बंद मागाला त्यातून काही मिळत नाही.

सातवी गोष्ट कर्जाची, आणि ती मला सगळ्यात जास्त लागते. आम्ही जिथे जिथे गेलो तिथे तिथे कुणीतरी चांगल्या मनाने म्हणालं, “कर्ज काढा की. मुद्रा आहे.” आण्णांच्या हाताला काम नव्हतं. भांडवल नाही अशी त्यांची तक्रार कधीच नव्हती. आठ माग जाग्यावर उभे होते, फक्त त्यांच्यावर घालायला बीम नव्हतं. नोकरी गेलेल्या माणसाला कुणी पहिल्याच दिवशी कर्ज काढायला सांगत नाही. स्वतःच्या धंद्यातल्या माणसाला मात्र मदत म्हणून पहिलं कर्जच पुढे केलं जातं.

आमच्या गल्लीतला एक मुलगा सूतगिरणीत होता. ती बंद पडली तेव्हा त्याने कर्मचारी राज्य विम्याच्या कार्यालयात अर्ज केला. त्या विम्याखाली जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. आधी सरासरी रोजंदारीच्या 25 टक्के मिळायचे, 2020 मध्ये ते 50 टक्के झाले, जास्तीत जास्त 90 दिवस. पूर्वी तो अर्ज मालकामार्फत जावा लागे. 2020 मध्ये तीही अट काढली आणि कामगाराला थेट अर्ज करता येऊ लागला. त्याला तीन महिने अर्धा पगार मिळाला. त्याची आई माझ्या आईला म्हणाली, “तेवढ्यानं दूध तरी चालू राहिलं.” मला त्याचा हेवा वाटला नाही, आनंदच झाला. पण तो विमा आहे तो महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला. तिथे मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचे पाऊण टक्का जमा होतात. ज्याला मालकच नाही त्याने काहीतरी भरायचं म्हटलं तरी भरायला खिडकी नाही. आण्णा म्हणाले होते, “चार टक्के मीच भरले असते की.” ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं.

आण्णांकडे ई-श्रम कार्ड आहे. 26 ऑगस्ट 2021 ला ती नोंदणी सुरू झाली आणि आम्ही पहिल्या काही महिन्यांतच केली. कार्डावर फोटो आहे आणि बारा आकडी क्रमांक आहे. देशात 30 कोटींहून अधिक लोकांनी ती नोंदणी केली आहे. म्हणजे आण्णा कोण, कुठे राहतात, काय काम करतात, बँकखातं कोणतं, हे सरकारला ठाऊक आहे. ते काम आज चालू आहे की बंद, हे सांगायची सोय मात्र मला तिथे सापडली नाही.

कायदे काय म्हणतात ते मी मग वाचून काढलं. 2008 मध्ये असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. त्यात स्वयंरोजगार करणारा नावाने होता, हे वाचून मला बरं वाटलं. मग योजनांची यादी आली. आयुर्विमा आणि अपंगत्व, आरोग्य आणि बाळंतपण, म्हातारपण. राज्यांनी करायच्या गोष्टींत भविष्यनिर्वाह निधी, कामावर झालेली इजा, घर, मुलांचं शिक्षण, कौशल्य, अंत्यविधीला मदत, वृद्धाश्रम. काम जाणं त्यात नव्हतं. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाली. तिनेही जवळजवळ हीच यादी पुढे नेली. मी ती सावकाश, बोट ठेवून वाचली. माणूस जन्मला, आजारी पडला, जखमी झाला, म्हातारा झाला, गेला, या सगळ्याची नोंद कायद्याने घेतली. धडधाकट माणसाच्या हातचं काम गेलं, याची घेतली नाही.

खरं तर राज्यघटनेच्या 41 व्या कलमात बेकारीचा उल्लेख आहे. म्हातारपण, आजारपण आणि विकलांगता यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याही आधी. राज्याने आपल्या कुवतीप्रमाणे अशा वेळी लोकांना साहाय्य करावं असं ते सांगतं. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर कोर्टात जाता येत नाही, हे मला कळतं. पण घटना लिहिणाऱ्यांना जे सुचलं ते पुढच्या यादी करणाऱ्यांनी गाळलं, एवढं तर म्हणता येतं.

आणि महाराष्ट्राने हे काही अंशी करून दाखवलेलं आहे. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात लाखो हात त्या कामांवर आले. 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. कायद्याने सांगितलं, गावातल्या माणसाने काम मागितलं की पंधरा दिवसांत काम द्यायचं, देता आलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता होता दिवसाला एक रुपया, अगदी थोडा. पण त्या कायद्याने माझ्या बाराव्या रकान्याचं कोडं सोडवलं होतं. तिथे कुणी विचारत नव्हतं, तुझं काम कुणी काढलं, पत्र आण. माणूस काम मागायचा अर्ज द्यायचा आणि त्याला तारखेची पावती मिळायची. काम मागितल्याची तारीख हीच बेकारीची तारीख. 2005 च्या केंद्राच्या कायद्यानेही तीच रीत उचलली, भत्ता पहिले तीस दिवस मजुरीचा निदान चौथा हिस्सा आणि पुढे निदान निम्मा.

ती हमी अंगमेहनतीच्या कामाची आणि ग्रामीण भागाची. इचलकरंजी 2022 पासून महापालिका आहे. आण्णा शहरात राहतात आणि कुशल आहेत, दोन्हींमुळे बाहेर. पण या हमीचा पैसा कुठून आला, ते ऐका. रोजगार हमीसाठी राज्याने 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. पगारदाराच्या पगारातून तो दरमहा कापला जातो. स्वतःचा धंदा करणाऱ्याने नोंदणी करून वर्षाला 2,500 रुपये स्वतः भरायचे असतात. आमच्या ट्रंकेत त्या पावत्या वर्षावर लावून दोऱ्याने बांधलेल्या आहेत. दुसऱ्याच्या हाताला काम मिळावं म्हणून पैसे दिल्याचं आण्णांना कधी दुःख नाही. तो कर त्यांनी वेळेवर भरला. कर घेताना त्यांचा व्यवसाय सरकारला बरोबर सापडला. व्यवसाय बसला तेव्हा मात्र रकान्यात मालकाचं नाव आणि पत्ता हवा झाला.

मालक नाही म्हणून काही करता येत नाही, हे कारणही या राज्यात टिकत नाही. 1969 चा माथाडी कायदा आपलाच आहे. हमालाचा मालक रोज बदलतो. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. तरी अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी लढा उभारला आणि माथाडी मंडळं झाली. हमालाची नोंद मंडळाकडे, गाळेवाल्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि इतर लाभ द्यायचे. खर्चीवाल्याचा व्यापारीही पिकावरच मजुरी देतो. त्या मजुरीवर एखादा पैसा व्यापाऱ्याने आणि एखादा पैसा आम्ही बाजूला टाकला असता, तर बीम न येणाऱ्या महिन्यांसाठी काहीतरी साठलं असतं. पिकाला सहा पैसे मिळत असताना त्यातला एक काढणं सोपं नाही, हे मी घरचा हिशेब लिहिणारी म्हणून सांगते. तरीही आम्ही तो काढला असता.

परदेशातही हे झालेलं आहे. स्पेनमध्ये स्वतःचा धंदा करणाऱ्यांच्या वर्गणीतून धंदा बंद पडल्याचा भत्ता देण्याचा कायदा 2010 मध्ये झाला आणि 2019 पासून ती वर्गणी सक्तीची झाली. जर्मनीत 2006 पासून अशा लोकांना स्वेच्छेने बेकारी विमा चालू ठेवता येतो. अमेरिकेत एरवी बेकारी भत्ता नोकरदारांपुरता असतो. मार्च 2020 मध्ये महासाथीसाठी कायदा करून स्वतःचं काम करणाऱ्यांनाही तो तात्पुरता दिला. आपल्याकडेही एप्रिल 2021 च्या निर्बंधांच्या वेळी राज्याने परवानाधारक रिक्षाचालकांना, नोंदणीकृत फेरीवाल्यांना, घरकामगारांना आणि बांधकाम कामगारांना प्रत्येकी 1,500 रुपये जाहीर केले होते. म्हणजे मालक नसलेल्या माणसाच्या खात्यावर सरकारला पैसे पाठवता येतात. त्याचं काम थांबलं आहे हे मान्य करायला मात्र सगळ्या राज्यावर संकट यावं लागलं. एका घरावर आलेलं पुरलं नाही.

घरात याचा काय परिणाम होतो, तेही सांगते. आण्णा आजतागायत स्वतःला बेकार म्हणवून घेत नाहीत. सकाळी सहाला उठतात, कारखान्यात जातात, उरलेल्या मागांवरची धूळ झाडतात, धोटे हातात घेऊन पाहतात, तेल देतात. कुणी विचारलं तर म्हणतात, “सध्या जरा मंदी आहे.” भत्ता मागायला ते माझ्याबरोबर आले ते फक्त माझ्या आग्रहाने. प्रत्येक खिडकीवर त्यांना मीच बोलायला लावलं आणि प्रत्येक खिडकीने त्यांना सांगितलं की तुम्ही यात बसत नाही. तीन ठिकाणांनंतर ते म्हणाले, “बाळ, बास कर आता. मला काय झालंय?” ज्या माणसाला आधीच आपली अडचण सांगायची लाज वाटते, त्याला तीनतीनदा ती सांगायला लावून परत पाठवू नये, एवढीच माझी पहिली मागणी आहे.

ऑगस्टमध्ये आण्णांनी दोन माग विकले. विकत घ्यायला विणकर कुणी आलं नाही. भंगारवाला आला. दोन माणसांनी नटबोल्ट खोलले, बाजूच्या जाड बिडाच्या चौकटी गॅसने कापल्या आणि तुकडे टेंपोत भरले. आण्णा शेवटपर्यंत उभे होते. एका चौकटीला त्यांनी वर्षानुवर्षं पाठ टेकली होती, तिथला रंग गेला होता आणि लोखंड चकचकीत झालं होतं. तो तुकडा वर चढवताना त्यांनी स्वतः हात लावला. टेंपो वजनकाट्यावर गेला आणि भंगारवाल्याने काट्याची पावती आणून दिली. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन. खाली छापलेलं होतं, 19 ऑगस्ट 2025, सकाळी 11 वाजून 40 मिनिटं.

त्या रात्री मी अर्ज पुन्हा उघडला. बाराव्या रकान्यात 19 ऑगस्ट 2025 लिहिलं. तेराव्यात ‘स्वतः’ लिहिलं. चौदाव्याला काट्याची पावती जोडली. दोन महिन्यांत आण्णांच्या धंद्याचं काय झालं हे सांगणारा, तारीख आणि आकडा असलेला तेवढाच एक कागद माझ्या हाताला लागला होता. अर्ज आठ दिवसांनी परत आला, ‘जोडलेले कागदपत्र संबंधित नाही’.

भावाची फी आम्ही भरली. भंगाराच्या पैशातूनच भरली. सहा माग अजून उभे आहेत.

मला फार काही नको आहे. ई-श्रमच्या त्याच बारा आकडी क्रमांकाखाली ‘काम थांबले आहे’ असं नोंदवायची एक ओळ असावी. त्या नोंदीला पावती मिळावी आणि पावतीवर तारीख असावी. त्या तारखेपासून वर्गणीतून, लेव्हीतून, व्यवसाय करातून, जिथून जमेल तिथून, निदान तीन महिने घराला दूध आणि किराणा निघेल एवढं काहीतरी मिळावं. विसापूरच्या प्रयोगाला 60 वर्षं होऊन गेली. काम मागितल्याची पावती माणसाच्या हातात द्यायला हे राज्य त्यातूनच शिकलं होतं. माझ्या आण्णांनी या राज्याचं कापड तीस-पस्तीस वर्षं विणलं. त्यांच्या हातात आजवर आलेली पावती फक्त वजनकाट्याची आहे.